दोन्हीला चालणारी लेन्स

लालासाहेबांनी लेन्स ओढली आणि समोर बसलेल्या बायकोचं, शालूबाईंचं तोंड धुक्यात गेलं. फोकस लावला, तोंड लख्ख दिसलं. पुन्हा ओढली, पुन्हा गेलं.

"आवं, किती येळ सूप धरून बसू? खडं तरी निवडू द्या!"

"हलू नगंस."

"मी कुठं हालतीया? तुमचीच नळी हालतीया."

लालासाहेब फौजेतून आले ते चावी देऊन चालवायचा सिनेकॅमेरा घेऊन, आणि शिराळ्यात फोटो स्टुडिओ टाकून बसले. गावच्या सप्त्याला काल्याचं कीर्तन दरसाल फलटणच्या कृष्णातबुवांचं. गवळणींची वाट अडवणारा कान्हा रंगवताना बुवा उपरणं झटकून अशी गिरकी घेत, की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हात आपोआप टाळीला उठत. यंदा बुवांचा निरोप आला होता : दम पुरत नाही, हा काला शेवटचा.

लालासाहेबांना देवळात लावायला बुवांचा फोटो हवा होता, आणि ती गिरकी फिल्मवर हवी होती. पण टाळकऱ्यांत शिरायचं तर हातात टाळच पाहिजेत, हा गावचा दंडक. मग मांडवाच्या कडेला बसूनच बुवांना जवळ आणायचं, तर झूम लेन्स हवी. तीही मधे एक कडी घातली की फोटोच्या नि सिनेच्या, दोन्ही कॅमेऱ्यांना बसणारी. तशी त्यांनी सांगलीहून आणली. दुकानात तपासूनही घेतली. जवळ ओढली, फोकस लावला. लांब सारली, फोकस लावला. दोन्हीकडं लख्ख! फोटोवाल्याच्या हाताची खोडच ती, आधी जुळवायचं, मग टिपायचं. फिल्म चालू असताना मधेच फोकस लावायला कोण थांबणार, हे डोक्यातच आलं नाही; घरी शालूबाईंवर ओढून बघितली तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.त उभं राहून त्यांनी परत सांगली गाठली. दुकानदार नानासोंनी दुसरी लेन्स काढून सिनेकॅमेऱ्यावर चढवली. कशीही ओढा, फोकस जागचा हलत नव्हता. लालासाहेबांचा चेहरा उजळला.

"आता फोटोच्या कॅमेऱ्याला लावा."

"ही नुसती सिनेची. तिकडं बसायची नाही."

"मग दोन्हीला नीट चालंल अशी दावा की!"

"फौजी, नवरदेवाची घोडी नांगराला जुंपायचं म्हणताय तुम्ही."

"लगीन बी माझंच आन् रान बी माझंच, त्याला काय करू?"

नानासो पोट धरून हसले. लालासाहेबांना हसू येईना. ही घ्यावी तर फोटो जातो, ती ठेवावी तर गिरकी जाते. शेवटी वैतागून पहिलीच पिशवीत कोंबली आणि आष्ट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत स्वतःलाच शिव्या घातल्या.

काल्याच्या आदल्या दुपारी बुवा आले. लालासाहेबांनी पाया पडून सगळं गाऱ्हाणं ओतलं. बुवांनी लेन्स हातात घेऊन ओढून बघितली, लोटून बघितली.

"लाला, हे कशाला रं?"

"तुमी फिरताना तुमच्या मागं यायला, बुवा."

"फिरायचंय मला. तू कशाला दमतोस? एका जागी बस की. कीर्तनाला कसं बसायचं इसरलास व्हय?"

सकाळी कीर्तन उभं राहिलं. आधी लेन्स ओढून बुवांचे फोटो झाले; ते नामी आले असणार, याची लालासाहेबांना खात्री होती. मग लेन्स सिनेकॅमेऱ्यावर चढवून, कॅमेरा मांडवाच्या खांबाला आवळून, बुवा पायांपासून फेट्यापर्यंत दिसतील अशी लावली आणि देवळातला नाडा घेऊन ती ओढायची नळी करकचून बांधली. स्वतःच्या हाताचा भरवसा नव्हता.

गवळण आली, मृदंग चढला. लालासाहेबांनी बटण दाबलं. बुवा उपरणं सावरत पुढं सरकले, डावीकडं वळले आणि चौकटीबाहेर गेले! लालासाहेबांची बोटं नळीवर गेली, नाड्यात अडकली. समोर नुसती रिकामी गादी. मांडवात टाळ्या उठल्या. गिरकी तिकडंच सुरू झाली होती.

"बुवा, मागं या, मागं या," ते दातओठ खात पुटपुटले.

अर्ध्या गिरकीत बुवा चौकटीत आले, उपरणं फुललं, आणि कॅमेऱ्याची चावी संपली.

फोटो देवळात लागला. फिल्म मुंबईहून धुऊन आली, तोवर बुवा देवाघरी गेले होते. भर दुपारी स्टुडिओची दारं लावून, शालूबाईंना शेजारी बसवून लालासाहेबांनी मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर ती भिंतीवर लावली. बुवा सरकले, वळले, गेले. रिकामी गादी.

"बघ, हितंच घाण झाली! सगळ्या लेन्सा बघितल्या, आन् हातात काय आलं? निम्मी गिरकी!"

"गप बसा जरा," शालूबाई भिंतीवरची नजर न काढता म्हणाल्या. "कीर्तनात बी जायचंच की बुवा कडंला. येतील आता."

बुवा आले. उपरणं फुललं आणि भिंत पांढरी झाली. शालूबाईंनी पदर सावरून हात जोडले.

"परत लावा."

लालासाहेबांनी कुरकुरत परत लावली. रिकामी गादी आली तसा त्यांचा हात सवयीनं लेन्स ओढायला उठला. अंधारात शालूबाईंनी हळू टाळी धरली होती. उठलेल्या हाताला दुसरं काही करण्याजोगं नव्हतं, म्हणून त्यांनीही धरली.