बंदाचं झबलं

“झालं का?” विठानं विचारलं.

“अजून नाही मावशी, बायकोला आत घेतलंय. तुम्ही सेट काढून ठेवा ना. मागाहून धावपळ नको.”

“मग झाल्यावर ये.”

गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेला तो तरुण मोबाइलवरून पैसे टाकायला निघाला होता. विठानं दोरीवरच्या कपड्यांना हातसुद्धा लावला नाही. तो ओशाळून परत आत गेला.

उल्हासनगरातल्या त्या सरकारी दवाखान्याच्या गेटाला लागून विठाची पथारी होती. ताडपत्रीखाली आडवी बांधलेली दोरी, दोरीवर झबली-टोपडी, खाली दुपट्यांची आणि लंगोटांची चळत. मूल जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी चिंधीसुद्धा घेऊ नये, हे आपल्याकडे चांगले शिकलेले लोकही मानतात. म्हणून बाया रिकाम्या हातानं आत जातात आणि मागाहून त्यांची माणसं धावत बाहेर येतात. विठाचं पोट या समजुतीवर चालायचं, आणि तिच्याइतकी ती कडक पाळणारंही दुसरं कुणी नव्हतं. कटपीसवाला धर्मेश तिला उरलेले तुकडे वजनावर द्यायचा. एकदा तो म्हणाला होता, “मावशी, आलेला ग्राहक परत पाठवते तू. तू तो मेरेको भी ले डूबेगी.” त्यावर विठा हसली होती, पण नियम काही मोडला नव्हता.

तो तरुण आत गेला तेवढ्यात गेटाशी रिक्षा थांबली. दिवस भरलेली एक पोरगी उतरली आणि तिनं गेटाचा गज धरला तो धरलाच. वीसेक वर्षांची असेल. केस घामानं कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले. बरोबर नवरा आणि सासू. नवऱ्यानं बदलापूरच्या दवाखान्यातून पुढे पाठवल्याची चिठ्ठी हातात धरली होती. आईला सांभाळायला सांगून तो केसपेपरच्या रांगेकडे पळाला.

सासू मात्र सुनेच्या कानाशी लागली. “चल जनी, आपल्या घरा जाव. हितं पोट फाडतात. सुईण करल काय ते.”

ते बोलणं कानावर पडलं आणि विठाची मान वळली. बारवी धरणाच्या अंगाचं बोलणं. तिच्या स्वतःच्या वाडीचं. किती वर्षांनी ऐकलं.

“कधीपासून दुखतंय हिला?” तिनं विचारलं.

“परवाच्या सांजपासून,” जनीच म्हणाली. “बाय, मी नाय जायाची आत. मना भ्या वाटतंय.”

विठानं तिला खूप समजावलं. आत डॉक्टरीणबाई आहे, मावश्या आहेत, सगळ्या बायाच आहेत. जनी ऐकत होती, पण गज सुटत नव्हता. मग विठाच्या लक्षात आलं की पोरीची नजर दोरीवर आहे. पिस्ता रंगाच्या एका झबल्यावर. कळ ओसरली की नजर तिथं जायची.

“त्याला बटन नाय?” जनीनं विचारलं.

“बंद लावलेत. बटन टोचतं.”

विठाचा हात वर गेला. इतक्या वर्षांत बाळ यायच्या आधी जो कधी गेला नव्हता, तो गेला. तिनं झबलं काढून जनीच्या हातात दिलं. जनीनं बंद बोटांत धरून पाहिले आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“हा तुझा,” विठा वाडीच्या बोलीत म्हणाली. “बाजूला ठेवते. आत जा, बाळ घेऊन ये, आणि घेऊन जा.”

सासूचा चेहरा पांढरा पडला. “बाय, आधी नाय घ्यावा कापडा.”

“घेतला कुठं? मी ठेवलाय नुसता,” विठा म्हणाली. वकिलानं शोधावी तशी ही पळवाट तिनं ऐन वेळी शोधली होती. पण जनीनं झबलं तिच्या हातात परत दिलं आणि गज सोडला. नवरा कागद घेऊन आला तेव्हा ती आपल्या पायांनी आत चालली होती.

त्यानंतर विठाचं कशात लक्ष लागेना. ओळखपत्रवाल्या तरुणाला मुलगी झाली. त्यानं गुलाबी सेट नेला, पेढा दिला. पेढा तिनं तसाच पदराला बांधला. पिस्ता रंगाचं झबलं मांडीखाली दडवून ती बसून राहिली.

विठा स्वतः पोटुशी होती तेव्हा नुकतीच मशीन शिकली होती, कुणी न शिकवता. हौसेनं तिनं पेटीभर झबली शिवली होती. कळा लागल्या तेव्हा तिला कुणी कुठं नेलं नाही. रात्र गेली, दिवस गेला, आणखी एक रात्र गेली. बाळ आलं ते निळं पडलेलं. सासू म्हणाली, शिवून शिवून तूच त्याला घालवलंस. झबली चुलीत गेली. पुढं मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली, आणि विठा मशीन डोक्यावर घेऊन उल्हासनगरात, कॅम्प एकच्या खोलीत आली. सासू कधीच मेली, पण तिचं ते वाक्य विठाच्या बरोबर राहायला आलं होतं.

उन्हं कलली तेव्हा जनीचा नवरा बाहेर आला. हळूहळू चालत. धावत आला नाही, तेव्हाच विठाला कळलं. “झालं का?” हे तिच्या तोंडून निघालं नाही.

“पोट उघडायला लागला,” तो म्हणाला. त्याचं नाव नितीन, हे मागाहून कळलं. “ती हाय. बाळ नाय. पोरगा होता.” मग दाराकडे बघून तो आवाज उतरवून बोलला, “डॉक्टरीण बोलली, बाळ कालच रातचा गेलेला, पोटातच. हिला अजून घरा ठेवली असती तर हीपण गेली असती. आईला नाय सांगितला मी. आईनंच दोन दिस सोडली नव्हती.”

काल रात्री. विठानं ते शब्द मनात फिरवून पाहिले. झबलं तर जनीनं आज सकाळी पाहिलं. म्हणजे झबलं दिसायच्या आधीच ते गेलेलं होतं. तिच्या छातीवरचं काहीतरी एकदम उतरलं, आणि लगेच त्या हलकेपणाची तिला लाज वाटली. मग चुलीत गेलेली ती झबली आठवली. त्यांचा तरी काय गुन्हा होता?

“जनी तो कापडा मागते,” नितीन म्हणाला. “त्याला घालायला.”

तेवढ्यात कौसाबाई, त्याची आई, हिरव्या कापडातलं गाठोडं छातीशी धरून आली आणि विठासमोर उभी राहिली. ती ओरडली नाही. तसं केलं असतं तर सोपं गेलं असतं.

“तू दावलास कापडा,” ती म्हणाली. “आधी दावलास.”

विठाच्या ओठांवर उत्तर तयार होतं. एका वाक्याचं, खरं. तिनं नितीनकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. गाठोडं हलू नये म्हणून कौसाबाईनं कोपरं अंगाशी घट्ट दाबून धरली होती. हे वाक्य हिच्याबरोबर वाडीला गेलं, की हिच्या चुलीशी बसणार, हिच्या अंथरुणात निजणार, हे विठाला ठाऊक होतं.

“हां बाय,” ती म्हणाली. “चुकलाच माझा.”

कौसाबाई मटकन खाली बसली आणि तेव्हा कुठं रडली. विठानं तिला पाणी दिलं, गाठोडं आपल्या मांडीवर घेतलं आणि रस्त्याकडे पाठ केली. झबलं घातलं, टोपडं घातलं, वरून मऊ दुपटं गुंडाळलं. पैसे काढायला नितीननं खिशात हात घातला. विठानं मानेनंच नको म्हटलं.

आठवड्यानं जनी सुटली. टाक्यांवर हात ठेवून ती हळूहळू गेटापर्यंत आली. कौसाबाईनं तिला दंडाला धरलं होतं. विठाकडे तिनं पाहिलं नाही, पण सुनेला ओढूनही नेलं नाही. विठा उठून उभी राहिली. दोरीवर सकाळीच लावलेली झबली वाऱ्यानं हलत होती. जनी त्यांच्याकडे बघत राहिली.

“मी बेसुद होते,” ती म्हणाली. “बंद नीट बसले?”

“बसले,” विठा म्हणाली. “गाठ सैल मारली होती. रुतू नये म्हणून.”