बाजेखालची शेगडी

“हात लावी देखा, जसोदामाय. वारा थंडा शे का नही?”

नथ्थू मिस्त्रीने गार हवेच्या मशीनच्या तोंडाशी हात धरला होता. जसोदाबाईंनी आपला हात पदराखालून काढलाच नाही.

“व्हई,” त्या म्हणाल्या. “पन खोली तर तपेल शे.”

“तेच तर मी म्हनस! मशीन सकायपासून घडीभर थांबस नही. मांगून गरम वाफ फेकी ऱ्हायनं. जाळी धुई काढी. आते आजून काय करू?”

तो शहाद्याहून दुसऱ्यांदा आला होता. काल त्याने दाराखिडक्यांच्या फटी चिंध्या कोंबून बुजवल्या. गार वारा बाहेर पळतो, असं त्याचं म्हणणं. चिंध्या जसोदाबाईंनीच फाडून दिल्या. तरी खोली गार होईना. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास, मधोमध दोरीवर टाकलेली चादर, चादरीपलीकडे बाज. बाजेवर सून प्रमिला आणि नुकतीच पाचवी पुजलेला मुलगा. परपुरुषाने तिकडे बघायचं नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती. नथ्थू चादरीकडे पाठ करूनच स्क्रू पिळायचा.

आणि चादरीपलीकडे, बाजेखाली, राखेने झाकलेली निखाऱ्यांची शेगडी होती.

मशीन मोतीलाल पाटलांनी सुरतेहून आणवलं होतं. तापीकाठच्या त्या गावात विजेचा दिवा लागून फार वर्षं झाली नव्हती, पण पाटलांना नातवाला वैशाख लागू द्यायचा नव्हता. गावाला मशीन दाखवायचंही होतं. फक्त सोयर फिटेपर्यंत त्यांनाच आत येता येत नव्हतं, म्हणून ते ओसरीतून भिंतीला तळहात लावून थंडी आली का पाहायचे. जसोदाबाईंना नवऱ्याचं हसू यायचं. मशीनची मात्र भीती वाटायची. त्यांची पहिली दोन मुलं पौषाच्या थंडीत गेली होती. पहाटे हात लावला तर गार. त्यानंतर त्यांनी गावातल्या कितीतरी बाजांखाली शेगड्या ठेवल्या, आणि त्या बाजांवरची पोरं आज केळीचे घड उचलतात. त्यामुळे मशीनवरचा त्यांचा इलाज सोपा होता. त्याने वरून फुंकावं, आपण खालून शेकावं. मिस्त्री हरला की मशीन जाईल सुरतेला परत.

नथ्थूने पाना खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसला.

“माय, मन्हं डोकं काब ठनकी ऱ्हायनं?”

“ऊनमा सायकल हाकीसन उना ना तू.”

“ऊन रोजनं शे.”

चादरीमागून प्रमिलाचा आवाज आला, जड जिभेचा. “आत्याबाई, मन्हं बी डोकं ठनकस. आनि हाऊ दूध धरस नही. निजेलच शे.”

जसोदाबाई चादरीआड गेल्या. पोराचे गाल लाल होते. सकाळी त्यांनीच कौतुक केलं होतं, रंग काय उजळला म्हणून. आता त्यांनी त्याच्या ओठांवर बोट टेकवलं. ओठ हलले नाहीत.

“माय!” नथ्थू उठून उभा होता. अजूनही चादरीकडे पाठ. “खरं सांगा. आठे काही पेटेल शे का? मन्हा आतेभाऊ हिवायामा बंद झोपडीमा शेकोटी लई निजना. सकाये उठनाच नही.”

जसोदाबाईंनी नुसतं ‘नही’ म्हटलं असतं तर तो हत्यारं बांधून गेला असता. त्यांच्या तरुणपणीच्या घरांत कौलांमधून चांदणं आत यायचं. या खोलीत त्यांनी मुंगीलाही वाट ठेवली नव्हती. स्वतःच्या हाताने लुगडं फाडून.

“शे,” त्या म्हणाल्या. “बाजखाले.”

नथ्थूने लाथेने दार उघडलं. “माफ करा, वहिनी,” म्हणत एका हाताने चादर ओढून काढली, दुसऱ्याने शेगडी. प्रमिलाला धरून धरून बाहेर आणलं. जसोदाबाई पोराला घेऊन ओसरीत धावल्या. बाहेर लू वाहत होती. पोराची मान त्यांच्या कोपरावर लोंबत होती. त्यांनी त्याच्या तोंडावर फुंकलं, तळपायांना टिचक्या मारल्या, पाठ चोळली.

“रड, मन्हा बाप. रड ना.”

शेजारच्या बायका जमल्या. आत मशीन घरघरतच होतं.

मग पोर रडलं. आधी मांजराच्या पिलासारखं, मग पाटलांच्या घराला शोभेल असं.

मोतीलाल पाटील धावत आले. “काय व्हयनं? मशीनले आग लागनी का?”

नथ्थूने जसोदाबाईंकडे पाहिलं. “नही पाटील. चूक मन्ही शे. फटी मी बुजेल व्हत्या…”

“त्याले काही बोलू नका,” जसोदाबाई म्हणाल्या. सगळ्या बायकांसमोर, डोक्यावरचा पदर न सावरता. “शेगडी मी ठेवेल व्हती.”

पाटील शेगडीकडे बघत राहिले. मग बायकोकडे. ती दोन मुलं त्यांचीही होती.

“धाडी देऊ मशीन परत?” त्यांनी हळूच विचारलं.

“नको.” त्यांनी पोराचं कपाळ गालाला लावून पाहिलं. “तपी ऱ्हायना हाऊ.”

म्हसावदहून डॉक्टर आले, मायलेकांना तपासून गेले. शेगडी पुन्हा आत दिसता कामा नये, एवढं मात्र त्यांनी दोनदा बजावलं. ऊन कलल्यावर बाज परत खोलीत गेली. या खेपेला खिडकीच्या वरच्या फटीतल्या चिंध्या नथ्थूने काढून टाकल्या.

थोड्या वेळाने मशीन खट्ट करून थांबलं. आणल्यापासून पहिल्यांदाच, खोली गार झाल्यावर आपणहून. जसोदाबाई दचकल्या. त्या शांततेत त्यांनी वाकून पोराचा श्वास ऐकला. प्रमिला गाढ झोपली होती, कपाळावर घाम नव्हता.

मशीन परत सुरू झालं तेव्हा त्यांनी पोराला मांडीवर घेतलं आणि मशीन आणि बाज यांच्या मधोमध जाऊन बसल्या, पाठ मशीनकडे करून. गार वारा पाठीवर येत राहिला. भर वैशाखात त्यांच्या दंडांवर काटा उभा राहिला. पोराचे तळपाय त्यांनी दोन्ही मुठींत धरले होते. मधून मधून मूठ उघडून ते गालाला लावून पाहायच्या, आणि पुन्हा मिटून घ्यायच्या.