बोरचं पाणी

मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर निजामुद्दीनचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. भाऊसिंग त्याचा शाळेपासूनचा दोस्त. गाव जवळच, त्यामुळे घरातला साधा बल्ब गेला तरी तो इथेच यायचा. मुलगी रंजीता बाळंतपणाला येणार म्हणून त्यानं गिझर नेला, तोही इथूनच. निजामुद्दीननं स्वतः जाऊन तो बसवून दिला.

"टाकीची पाच वर्षं वॉरंटी आहे. बिनधास्त वापर," तो म्हणाला.

दुसऱ्याच हिवाळ्यात टाकी गळायला लागली. निजामुद्दीननं कंपनीकडे तक्रार केली. वाशिमहून मेकॅनिक आला, त्या दिवशी दुकान बंद ठेवून तोही भाऊसिंगच्या घरी गेला.

मेकॅनिकनं गिझर खोलला. आत पांढऱ्या क्षाराचा जाड थर बसला होता.

"बोरचं पाणी वापरता ना? अशा पाण्यानं टाकी गेली तर वॉरंटी मिळत नाही." मग तो निजामुद्दीनकडे वळला. "शेठ, विकताना तुम्ही गिऱ्हाइकाला हे सांगितलं होतं ना?"

नाही म्हटलं तर कंपनी एजन्सी काढून घेईल, एवढंच त्या क्षणी निजामुद्दीनच्या डोक्यात आलं.

"सांगतलं होतं," तो म्हणाला.

भाऊसिंगनं फक्त त्याच्याकडे पाहिलं. दारात उभी असलेली त्याची बायको प्रयागबाई आत गेली.

मेकॅनिक गेल्यावर निजामुद्दीन घाईघाईनं म्हणाला, "भाऊ, मी दुकानातला नवा आणून बसोतो. तू फिकर नोको करू."

"कायले? तू तं सांगतलं होतं. चुकी माह्यीच."

त्या रात्री निजामुद्दीनला जेवण गेलं नाही. बायको अमीनाबीनं खोदून विचारलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. सकाळी त्यानं कंपनीला फोन लावला. मी खोटं बोललो, गिऱ्हाइकाला मी काहीच सांगितलं नव्हतं, असं त्यानं कबूल केलं आणि लिहूनही दिलं. कंपनीनं चूक दुकानदाराची धरली. भाऊसिंगला नवी टाकी मिळाली. निजामुद्दीनची एजन्सी मात्र गेली.

टाकी बसल्यावर तो भाऊसिंगकडे गेला. प्रयागबाईनं चहा दिला.

"मी कंपनीले खरं सांगतलं, भाऊ."

"मालूम झालं मले."

"अजून रागात हायेस?"

भाऊसिंगनं मान हलवली. "राग नाही, निजाम. पण आता तू काही सांगतलं, तं मले आणखी कोणाले तरी विचारा लागते."

चहा तसाच निवला.

भाऊसिंग पुन्हा दुकानात आला नाही. उन्हाळ्यात एक दिवस वाशिमच्या बसमधून तो उतरला तो नव्या कूलरचा मोठा खोका घेऊन. एकट्याला खोका पेलेना. निजामुद्दीन गल्ल्यावरून उठला, रस्ता ओलांडून गेला आणि त्यानं दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून खोका ऑटोत चढवला. कूलर कुठून घेतला, हे त्यानं विचारलं नाही.

"येतो," भाऊसिंग म्हणाला.

"ये."

ऑटो निघून गेला. निजामुद्दीन तिथंच उन्हात उभा राहिला.