नमुन्याचं घर

मित्रांनो, मी कुवेतच्या उत्तरेकडच्या वाळवंटातलं एक जुनं घर आहे. लाकडाचं आणि पत्र्याचं. दोन खोल्या, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर, एवढाच माझा पसारा. इथं उंटांखेरीज चौकशी करायला कुणी फिरकत नाही. म्हटलं, तुमच्याशीच चार शब्द बोलावेत.

माझा जन्म जलीब या कामगारांच्या वस्तीजवळ एका ठेकेदाराच्या आवारात झाला. मला घडवलं जयराम सुतारानं. हा मालवणकडचा माणूस, जलीबच्या एका खोलीत दाटीवाटीनं राहायचा. त्या वेळी सरकारनं ठरवलं होतं, की ओसाड उत्तरेला नवं शहर वसवायचं. तिथं राबणाऱ्या कामगारांनाही बायकामुलांसकट घरं द्यायची, शाळा काढायची. त्या घरांचा नमुना म्हणजे मी.

मुकादम फारूक म्हणाला, "जयराम, पहला घर तेरे जैसे पुराने आदमी को मिलेगा."

झालं! जयरामच्या हाताला त्या दिवसापासून निराळाच जोर आला. त्याची बायको समिधा ठेंगणी. म्हणून या पठ्ठ्यानं नकाशातला ओटा गुपचूप वीतभर खाली घेतला. साहेबाला कळतं तर चांगली खरडपट्टी निघाली असती! फोनवर तिला म्हणाला, "ओटो तुज्या उंचीचो केलंय."

"नि उर्वीक शाळा?" उर्वी ही त्यांची लेक, तेव्हा नुकती बोलू लागलेली.

"हाकेच्या अंतरार. तू काळजी करू नको."

मग मला ट्रकवर चढवून इथं आणलं. साहेब लोक आले, भिंतींवरून हात फिरवले, फोटो काढले. खोटं कशाला बोलू, मी अगदी हुरळून गेलो होतो.

पण वरची माणसं बदलली आणि योजनाही बदलली. आता म्हणे शहर नको, बंदर आणि गोदामं हवीत. मी ऑफिस झालो. समिधाच्या ओट्यावर झेरॉक्सचं मशीन येऊन बसलं. जयराम बिजागऱ्या दुरुस्त करायला यायचा, तेव्हा त्या मशीनकडे रागानं बघायचा. घराचं काय झालं म्हणून फारूकला विचारायचा, तर फारूकचं एकच, "थोडा रुक, भाई." त्यालाही वरून कुणी काही सांगत नव्हतं, बिचाऱ्याला.

पुढं बंदर मागं पडलं आणि उन्हापासून वीज करायची टूम निघाली. तिला माणसं फारशी लागतच नव्हती. मी कोठार झालो. वायरची भेंडोळी, फुटक्या काचा, नको ते सगळं माझ्या पोटात. दार ओढून घ्यायची तसदीसुद्धा कुणी घेईना. वाळू आत शिरली, न्हाणीघराचा पत्रा सडला. फार वाईट वाटायचं, मित्रांनो. वाटायचं, एकदाचं मोडून तरी टाका मेल्यांनो! जयराम मात्र सुट्टीवर गावी गेला, की बायकोला दर खेपेस सांगायचा, "पुढच्या वर्साक बघूया."

यंदा हिवाळ्यात पुन्हा नवी योजना आली. उत्तरेला कामगारांसाठी घरं बांधायची, शाळा काढायची! मला झाडूनपुसून रंगवायला जयरामच आला. केस पिकलेले, गुडघे धरलेले, पण चेहरा कसा उजळला होता! हातातला ब्रश खाली न ठेवताच त्यानं व्हिडिओ कॉल लावला.

"समिधा, घर गावला गे! येतलस मा आता?"

ती हळूच म्हणाली, "अहो, उर्वीचा लगीन ठरला. आता शाळेत कोणाक घालतल्यात?"

जयराम माझ्या उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला हात असते तर त्याच्या पाठीवरून फिरवले असते. थोड्या वेळानं डोळे पुसून तो समिधाला म्हणाला, "रंग पुरो करतंय नि घराक येतंय. कायमचो." आणि खरंच, एकही कोपरा न सोडता त्यानं मला रंगवलं आणि तो गेला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या मोठे साहेब व्हाल, नकाशे काढाल. जरूर काढा. बदलावे लागले, तर बदलाही. पण ज्याला 'तुला घर मिळेल' असा शब्द द्याल, त्याला विसरू नका. योजना बदलली, तर त्याला समोर बसवून तसं सांगा, म्हणजे तो वेळेवर आपल्या माणसांत परत जाईल. माझं काय, मला पुन्हा रंग लागला. जयरामची लेक मात्र बापाविना मोठी झाली.