ताईकडे नेणारं कार्ड

मी क्रेडिट कार्ड बोलतोय. साधंसुधं नव्हे, प्रवासाचे पॉइंट देणारं! माझ्या जन्माआधीच माझ्यावरून बँकेत भांडण झालं होतं. माझ्या मालकिणीनं ते अख्ख्या शेजाराला रंगवून सांगितलंय, म्हणून मला पाठ आहे.

तिचा नवरा प्लंबर. तो म्हणाला, "कॅशबॅकवालंच घेऊ. दर महिन्याला पैसे परत!"

"आधीच्या कार्डानंही दिले होते की परत. कुठे गेले, सांगा बरं?"

ते पैसे दुधात, साबणात, विजेच्या बिलात कधी विरले, प्लंबरलाच पत्ता नव्हता.

मालकिणीची थोरली बहीण फार लांब राहायची, विमानाशिवाय गाठता न येण्याइतकी. तिची नजर दिवसेंदिवस अधू होत होती. नजर पुरती जायच्या आत मालकिणीला एकदा तिच्यासमोर उभं राहायचं होतं. म्हणून मला घरात आणलं.

मी हट्टी आहे. माझे पॉइंट दुधासाबणाला शिवत नाहीत, तिकिटालाच कामी येतात. हे सांगायला मी मुळीच लाजत नाही.

गंमत म्हणजे कॅशबॅकचा कैवारी प्लंबरच माझ्या नादी लागला. पाइप, नळ, सगळं माझ्यावर. शेजाऱ्यानं फ्रिज घ्यायचा म्हटलं, की हा हजर. "माझ्या कार्डावर घ्या, मला रोख द्या!" हॉटेलात मित्रांचं बिल आलं, की सगळ्यांआधी याचा हात खिशात. लोक म्हणायचे, काय दिलदार माणूस! मग हा टेबलाभोवती फिरून प्रत्येकाकडून वसुली करायचा. माझं बिल मात्र तारखेच्या आत पूर्ण भरायचा, नाहीतर व्याजानं माझा सगळा तोरा उतरवला असता.

एका तिकिटाइतके पॉइंट झाले. प्लंबर म्हणाला, "थांब गं, दोघांचे होऊ देत." असं करत बरेच महिने गेले.

एक दिवस फोनवर ताई म्हणाली, "आता मी माणसं आवाजावरून ओळखते." फोन ठेवून मालकीण नवऱ्यासमोर येऊन बसली.

"अहो, तुमचे पॉइंट वाढतायत आणि तिची नजर कमी होतेय. तुमचं गणित जमेपर्यंत मी तिच्यासाठी नुसता आवाज उरेन."

प्लंबरचा चेहरा उतरला. त्यानं तिथेच मला खिशातून काढलं आणि एकच तिकीट काढलं. "तू जाऊन ये," एवढंच म्हणाला. त्या दिवशी मला तो फार आवडला.

आता मी ताईच्या घरी, खुर्चीला अडकवलेल्या मालकिणीच्या पर्समध्ये आहे. पॉइंट जवळजवळ संपलेत आणि मी मजेत आहे. तुमच्या पाकिटात माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याचे पॉइंट मोजत बसू नका. ज्यांच्याकडे जायचं राहिलंय, त्यांच्याकडे जाऊन या.

ताईनं बहिणीला हात धरून खिडकीपाशी नेलंय. नाकाला नाक लागेल इतक्या जवळून ती बघतेय.

"अगं, केस केवढे पिकलेत तुझे! आणि डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं?"

मालकीण रडतेय आणि हसतेय.

"आणखी काय दिसतंय, ताई? सांग ना, आणखी सांग."