रडणारी काच

१९८६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात नळदुर्ग-जळकोट रस्त्यालगतच्या एका गावात माणसं टँकरपाशी कमी आणि कमलबाईच्या अंगणात जास्त दिसू लागली. अंगणात वाळवणाची पेटी होती : आतून काळी रंगवलेली, वर तिरपी काच. महिला सहकारी संस्थेनं ती भाजी वाळवायला दिली होती. पेटी सांभाळायची कमलबाईची थोरली लेक, सरू. चैत्रात ती बिनकठड्याच्या आटलेल्या विहिरीत पडून मेली. तिच्यामागं कमलबाई रोज सकाळी पेटीत गवार पसरायची.

आणि आता काच रडत होती. आतून. थेंब जमायचे, ओघळायचे, पुन्हा जमायचे. कमलबाई पदरानं काच पुसायची, पण थेंब पलीकडेच राहायचे.

पेटीला काचेखाली चारी बाजूंनी लाल कापड गुंडाळून देवऋषी दगडोबा शेजारी बसला होता.

"कोरड्या हिरीत मेलीया. लई तहानलंया लेकरू!" तो घुमत म्हणायचा. "पाणी आणा तिच्या नावानं!"

सरूच्या नावानं आलेल्या कळश्या दगडोबाच्या घरी जात. सरूची तहान मात्र भागत नव्हती. मग त्यानं नवा तोडगा काढला : धाकट्या लेकीनं, चांगुणानं, पाणी पिणं सोडायचं, काच कोरडी होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेचे पंचाक्षरी गुरुजी आले, तेव्हा चांगुणा पेटीला टेकून बसली होती. ओठ फुटलेले, नजर काचेवर.

"कमलबाई, आधी पोरीला पाणी पाजा."

"न्हाय गुरुजी. सरू बघतीया."

गुरुजींनी वाद घातला नाही. शेजारच्या प्रेमाबाईकडेही संस्थेची तसलीच पेटी होती, तिच्यातही सकाळी पसरलेली तीच गवार. ती त्यांनी उचलून आणवली. तिची काच लख्ख होती.

"बगा!" दगडोबा खूश झाला. "ह्यांच्यात कोन मेलं न्हाय, म्हनून कोरडी."

"बरं," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी लाल कापड वर केलं.

पेटीला पुढं खाली आणि मागं वर हवेची भोकं होती. एकूण एक भोक चिंध्यांनी बुजवलेलं होतं.

"ते बंधन हाय! हात लावू नगा, रगात वकाल!"

गुरुजींनी चिंध्या उपसल्या आणि तशाच प्रेमाबाईच्या पेटीच्या भोकांत कोंबल्या. मग सगळे उन्हात उभे राहिले. गुरुजींना रक्ताची उलटी झाली नाही. हळूहळू प्रेमाबाईची काच धुरकटली. एक थेंब धरला आणि ओघळला.

"आगं बया! आमच्यात तर कोन मेलं न्हाय! सासूबी जित्ती हाय!"

"हाय की, ठणठणीत!" गर्दीतून म्हातारी ओरडली. माणसं हसली. मग सरूच्या पेटीकडे वळली. तिची काच निवळत होती.

"गवार ओली असते," गुरुजी म्हणाले. "उन्हानं तिच्यातलं पाणी वाफ होऊन निघतं. वारा खालच्या भोकांतून शिरतो, वाफ घेऊन वरच्या भोकांतून जातो. वाट बुजवली की वाफ काचेला धरते. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी त्याची भोकं तपासा. पोर गेली असती."

दगडोबा तोवर निघून गेला होता.

कमलबाईनं काचेवर तळवा ठेवला. काच गरम होती, पूर्ण कोरडी.

"कालपातूर हितं होती," ती म्हणाली. "आता कुठं गेली सरू?"

गुरुजी तिच्यापाशी बसले. "इथं ती नव्हतीच, कमलबाई. चैत्रातच गेली. विहिरीला कठडा नव्हता म्हणून गेली. तो बांधायला मी येतो. बाकी कोण येणार, ते इथंच सांगा."

चार-दोन हात वर झाले.

कमलबाई उठली, आत गेली, तांब्या भरून आणला. चांगुणानं तो घेतला नाही. तिनं आधी पेटीकडे बघितलं.

"आये, ताईला न्हाय लागायचं पाणी?"

कमलबाईनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"मेलेल्याला तहान नसती गं," ती म्हणाली. "पी."