एका पत्रावरून

शब्दांची मुळं सांगणाऱ्या कोशाच्या कचेरीत संपादक बाईंचं डोकं सकाळपासून तडकलेलं होतं. पाच वाजता पानं छापखान्यात जायची होती आणि एक शब्द काही केल्या मार्गी लागत नव्हता. शब्द होता आदि-केल्टिक, म्हणजे आयरिश, वेल्श वगैरे भाषांच्या मुळाशी असलेल्या, कुणी कधी लिहूनच न ठेवलेल्या भाषेतला. लेकी-नातींची तोंडं बघून पणजीचा चेहरा ताडावा तसा जुळवलेला. अर्थ 'उंबरठा'. तो आला कुठून, एवढंच बाईंना लिहायचं होतं.

तसं उत्तर तयार होतं. 'ओलांडणे' अशा अर्थाच्या धातूपासून, असं बाईंच्या सरांनी आपल्या ग्रंथात छातीठोकपणे लिहिलं होतं. पुढे चौघांनी सरांचा हवाला दिला, आणि बाईंनी त्या चौघांचा. सरांची बाकीची मतं नव्या लोकांनी एकेक करून मोडीत काढली होती. हे एकच तग धरून होतं. पण सरांचा आधार कोणता? तळटीप एवढीशी: 'एका पत्रावरून.'

"कुणाचं पत्र, कसलं पत्र, देव जाणे!" बाई करवादल्या. सरांनी आपली सगळी कागदपत्रं कचेरीला देऊन टाकली होती. शिंका देत देत बाईंनी तेरा खोकी उपसली. चौदाव्यात पत्र सापडलं.

अक्षर ओळखीचं होतं. ओळखीचं कसलं, बाईंचं स्वतःचंच! तेव्हा वय वर्षं बावीस. 'सर, ओलांडण्यावरून तर नसेल? पुरावा काही नाही हं, आपलं उगीच सुचलं.'

बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. म्हणजे तीस वर्षं आपण आपल्याच शेपटीमागे धावत होतो! स्वतःचा इतका संताप त्यांना कधी आला नव्हता. त्यांनी सरांना फोन लावला. सर नव्वदीचे, पण कान शाबूत.

"सर, तुम्ही तपासून नाही का हो पाहिलंत?"

"तुझं काय तपासायचं?" सर म्हणाले. "तू म्हणालीस म्हणजे झालं की."

रडावं की ओरडावं, बाईंना कळेना.

"छापून आलं की पान पाठव," सर पुढे म्हणाले. "तेवढं एक तरी टिकलं गं माझं."

"हो सर," म्हणून बाईंनी फोन ठेवला. पाचाला दहा मिनिटं कमी होती. त्यांनी 'ओलांडणे'च्या चार ओळी खोडल्या, 'मूळ अज्ञात' असं लिहिलं आणि पानं शिपायाच्या हाती दिली. मग छापून येणाऱ्या पानासाठी एक कोरं पाकीट घेऊन त्यावर सरांचा पत्ता घातला.